सहा बरण्यांचा दिवा

१

खून झाल्याची बातमी मला रविवारी सकाळी सव्वासातला कळली. मेलेल्यांचा आकडा कोट्यवधींच्या घरात. रक्ताचा थेंब नाही, आरडाओरडा नाही. बारावीतली साक्षी माझ्या दारात उभी होती, रडून नाक लाल झालेलं, आणि म्हणत होती, "मॅडम, माझे सगळे मेले."

शेजारच्या खिडकीतून दोन डोकी बाहेर आली. मी पोरीला आधी आत ओढलं.

मी गोदावरी उदगीरकर. लातुरात एकतीस वर्षं जीवशास्त्र शिकवलं आणि तेवढीच वर्षं परीक्षेच्या हॉलमध्ये कॉप्या पकडल्या. निवृत्त झाले, गुडघे गेले, पण खोड काही गेली नाही. माझ्या गल्लीच्या टोकाला क्लासच्या मुलींचं वसतिगृह आहे. डॉक्टर व्हायला निघालेल्या चाळीस पोरी तिथं राहतात, आणि काही अडलं की माझ्याकडं येतात. साक्षी त्यातलीच. तिचं गाव त्र्याण्णवच्या भूकंपात गेलं. ती जन्मली पत्र्याच्या शेडमध्ये, त्याच वर्षीच्या डिसेंबरात.

या पोरीनं ऑक्टोबरात जुन्या गावच्या बारवेतला काळा गाळ आणला. आता त्या गावात बाभळी आणि सापच राहतात. सहा प्लॅस्टिकच्या बरण्यांत तळाला तो गाळ, वर पाणी. टॉर्चच्या जुन्या सेलमधल्या काळ्या कांड्या काढून एक गाळात पुरली, एक वरच्या पाण्यात सोडली. गाळातल्या जीवाणूंना हवा मिळत नाही. ते कुजकं खातात आणि त्यातून निघालेली वीज त्या कांडीच्या गळ्यात मारतात. तारा जोडल्या की एवढासा लाल दिवा लागतो. गेले पन्नास दिवस तो अखंड जळत होता. ज्या मातीनं गाव गिळलं त्याच मातीनं दिवा लावला, याचं मला फार अप्रूप होतं.

बुधवारी विज्ञान प्रदर्शन होतं. मला वाटलं, त्याचंच रडू.

"प्रदर्शन जाऊ द्या मॅडम," साक्षी म्हणाली. "काल संध्याकाळी दिवा विझला अन् रात्रीच रेक्टर मॅडमनी माझ्या खोलीतल्या वैष्णवीला काढलं. तिच्या पप्पांना उमरीहून बोलावून घेतलंय. चारच्या बसनं सामानासकट परत."

"का? तिनं केलं?"

"सगळे तसंच म्हणून राहिले. मला न्हाई वाटत. पण तिचा माहूरचा धागा बरणीत सापडलाय."

बारावीचं वर्ष, परीक्षेला अडीच महिने, आणि कपाळावर असला शिक्का. मी चपला घातल्या.

२

बरण्या वसतिगृहाच्या मागच्या व्हरांड्यात होत्या. पोरींनी वासाची तक्रार केली म्हणून खोलीतून तिथं आलेल्या. एका बाजूला पिण्याच्या पाण्याचे तीन निळे ड्रम, दुसऱ्या बाजूला मेसचं दार. लातुरात तेव्हा आठ-आठ दिवसांनी नळ यायचा, त्यामुळं ड्रम म्हणजे घरातलं देवघरच.

बरण्यांवर पुठ्ठ्याची पाटी होती. "सावधान! यात जिवंत जंतू आहेत. हात लावू नये." शब्द माझेच. पोरी तिथं हात विसळायच्या, तेव्हा मीच साक्षीला सांगितलं होतं, असं लिही की वाचणारा चार पावलं मागं सरकला पाहिजे.

मी वाकून वास घेतला. काही नाही. चार दिवसांच्या सर्दीनं माझं नाक दगड झालं होतं. हुंगायचं काम असलं की नेमकी सर्दी व्हावी, याला काय म्हणायचं!

डोळे मात्र शाबूत होते. एक, तारा जागच्या जागी होत्या, काही तुटलं नव्हतं. दोन, पूर्वी गाळ तळाशी घट्ट बसलेला असायचा, आता बरण्यांच्या गळ्यापर्यंत चिखलाच्या रेषा होत्या. सहाही बरण्या कुणीतरी ढवळल्या होत्या. तीन, पहिल्या बरणीच्या गळ्याला बांधलेला लाल धागा. त्याचं एक टोक पाण्यात लोंबत होतं, आणि तेवढं टोक पांढरंफटक होतं.

"हा धागा आधीपासून बांधलेला होता?"

"मला न्हाई माहीत मॅडम. मी कालच पाहिला."

मग मी तिची वही उघडली. रोज सकाळी मीटर लावून आकडे लिहिलेले. एक डिसेंबर, पाटी लावली. तीन डिसेंबर, आकडा एकदम वर, "दिवा मोठा झाला!!" पुढं हळूहळू खाली. अकराला सकाळी बरा. बाराला, म्हणजे आज, शून्य.

मी ते पान तीनदा वाचलं. मारायला आलेला माणूस आधी दिवा मोठा कशाला करेल?

३

रेक्टर तारामती माझीच विद्यार्थिनी. स्वभावानं वाईट नाही, पण चाळीस पोरी सांभाळून तिचा आवाज कायमचा चढलेला.

"मॅडम, मी चौकशी केलीय," ती म्हणाली. "काल दुपारी सगळ्या पोरी टेस्टला होत्या. एकटी वैष्णवी डोकं दुखतंय म्हणून लवकर आली. महिनाभर तीच बोंबलत होती, फेकून दे हे गटार. वरून तिचा धागा. आणखी काय पाहिजे?"

"आणखी कोण होतं इमारतीत?"

"मी ऑफिसात. आणि मेसमध्ये गौरम्मा." तिनं तिथूनच हाक मारली. "मावशी! काल तुम्ही त्या यंत्राला हात लावला होता का?"

गौरम्मा मेसच्या दारात आली. पन्नाशीची, कपाळाला भस्म, गळ्यात लिंग, हात पिठानं भरलेले. निलंग्याकडची बाई. पोरी तिच्या भाकरीवर जगतात.

"न्हाई बाई. शपथ हाय. मी हात न्हाई लावला."

इतकं सरळ उत्तर मी परीक्षेच्या हॉलमध्ये कधी ऐकलं नव्हतं. मी मान डोलावून पुढं गेले. एकतीस वर्षांचा अनुभव, म्हणे!

वैष्णवी खोलीत ट्रंकेवर बसली होती. कपडे भरून झाले होते, पुस्तकं बाहेरच. तिनं माझ्याकडं पाहिलंही नाही.

"धागा तूच बांधलास?" मी विचारलं.

"हाव. बांधला."

"का?"

"तिचं प्रदर्शन हाय म्हणून!" ती एकदम उसळली. "आई माहूरला गेली होती, दोन धागे आणले. एक मी बांधला, एक तिच्या बरणीला. परवा रात्री गुपचूप बांधला, कारण मी रोज त्या वासावरून तिच्याशी भांडायची. मग कुठल्या तोंडानं सांगू, की तुझं चांगलं व्हावं म्हणून?"

तिनं मनगट पुढं केलं. तसाच धागा, गडद लाल. रोजच्या आंघोळीनं, साबणानं थोडा मळलेला, पण लालच. मी त्याच्याकडं बघत राहिले. साबणपाण्यात ज्याचा रंग टिकतो, तो बरणीच्या पाण्यात एका दिवसात पांढरा कसा होतो?

"काल लवकर आलीस तेव्हा काय पाहिलं?"

"काही न्हाई. पाणी प्यायला व्हरांड्यात गेले. नळ आलेला होता, ड्रम भरून ठेवलेले. आणि," ती थांबली, "वास न्हाई आला."

"म्हणजे?"

"रोजचा गटाराचा वास. कालच न्हाई आला. दवाखान्यासारखा आला. मला वाटलं फरशी पुसली."

४

तेवढ्यात जिन्यात बुटांचा आवाज झाला. क्लासचे सर्वेश सर. या गड्याचा फोटो शहरातल्या प्रत्येक चौकात, पहिल्या आलेल्या पोरांच्या मधोमध. साक्षीला त्यांनी सगळ्यांसमोर झापलेलं मला ठाऊक होतं: चिखलात खेळायला शेतात जा, इथं रँक काढायला आलीस.

"तुमचाही नंबर लागतो बरं का संशयितांत," मी म्हटलं.

"लागू द्या." ते ट्रंकेकडं पाहत म्हणाले. "मॅडम, बंद कर म्हणालो होतो, खरं आहे. साक्षीच्या बापानं बैल विकून फी भरली, तिचा एक मार्कही मला सोडवत नाही. पण ती मीटर कुणाचा वापरते, विचारा एकदा."

दारात उभी असलेली साक्षी मान खाली घालून म्हणाली, "सरांचा हाय. कुणाला सांगू नको म्हणाले होते."

"रोज सकाळी सहाच्या बॅचआधी मी मागच्या बोळातून जातो," सर म्हणाले. "तो दिवा दिसला की बरं वाटायचं. आज दिसला नाही." आणि रुमाल काढून उगाच चष्मा पुसायला लागले.

मी व्हरांड्यात परत आले, मेसच्या दारातून आत डोकावले. गौरम्मा भाकरी थापत होती. भिंतीवर कॅलेंडर. त्यावर काही तारखांच्या चौकटींत कोळशानं वाकडंतिकडं लिहिलेलं होतं, "नळ". तीन तारखेला नळ. अकरा तारखेला नळ.

तीन तारखेला दिवा मोठा झाला. अकराला विझला.

ड्रमच्या कडेला पाणी काढायचं लांब दांड्याचं वगराळं टांगलेलं होतं. मी ते हातात घेतलं. घासून लख्ख होतं, पण दांडा जिथं वाटीला जोडलाय त्या खाचेत काळा गाळ अडकलेला होता. आणि ड्रमच्या मागं एक डबा. मी झाकण उघडलं. आतली पांढरी भुकटी नाकाजवळ नेताच माझं दगड झालेलं नाकसुद्धा झणझणलं, डोळ्यांतून पाणी आलं.

टीसीएल. गावोगाव विहिरीत टाकतात ती पावडर. जंतू मारायची.

मला सगळं कळलं. आणि कळल्यावर अजिबात आनंद झाला नाही. कॉपी पकडल्यावर जो एक हलकट आनंद होतो ना, तोही नाही.

५

एक वाजता वैष्णवीचे वडील आले. बसच्या धुळीनं पांढरे झालेले, हातात रिकामी पिशवी, लेकीच्या पुस्तकांसाठी आणलेली. मी सगळ्यांना मेसमध्ये बसवलं. तारामती, सर, दोन्ही पोरी, ते, आणि चुलीपाशी गौरम्मा.

"वैष्णवीनं काहीही केलेलं नाही," मी आधी तेवढं सांगून टाकलं. त्या माणसाचा जीव टांगून ठेवण्यात अर्थ नव्हता. "बरण्यांत क्लोरीनची पावडर पडलीय. धाग्याचं टोक त्यानंच पांढरं झालं. धागा कालच्या पावडरीच्या आधीपासून तिथं होता. ज्याला मारायचंय त्याला आधी देवीचा धागा कोण बांधेल? तीन तारखेला चिमूटभर पडली, वरच्या पाण्यात. क्लोरीननं वरच्या कांडीची वीज खेचायची ओढ वाढते, म्हणून दिवा उलट मोठा झाला, आणि साक्षीनं उद्गारचिन्हं काढली. काल मूठभर पडली, आणि गाळ तळापासून ढवळला गेला. मग कुणी वाचलं नाही."

"पण कुणी केलं?" तारामती म्हणाली.

मी गौरम्माकडं वळले. सकाळी चुकीचा प्रश्न विचारला गेला होता, आणि मी तो चुकीचा असल्याचं ओळखलं नव्हतं. आता मी बरोबर प्रश्न विचारला.

"गौरम्मा, त्या बरण्यांतल्या पाण्यात तुम्ही औषध टाकलं का?"

"टाकलं की," ती लगेच म्हणाली. तिला वाटलं शाबासकी मिळणार. "नळाच्या दिवशी ड्रममध्ये टाकते, तवाच त्यात बी टाकलं."



"सकाळी तर हात लावला नाही म्हणालात!" तारामतीचा आवाज चढला.

"न्हाईच लावला. हात लावू नये असं लिव्हलंय ना तिथं? वगराळ्यानं ढवळलं." मग आमची तोंडं पाहून तिचा चेहरा उतरला. "काय झालं? पहिल्यांदा थोडं टाकलं, पर पाणी गढूळच राहिलं. एका पोरीचं पोट त्याच आठवड्यात बिघडलं होतं. पाटीवर लिव्हलंय, यात जिवंत जंतू हायेत. म्हणून काल जास्त टाकलं. तुम्हीच सांगा, जिवंत जंतू हायेत म्हणल्यावर कसं गप बसावं?"

"मावशी," साक्षी कशीबशी म्हणाली, "त्यानंच दिवा लागत होता. जंतूंनीच."

गौरम्मा खाली बसली.

"माझी लेक ढिगाऱ्यातून जिती निघाली होती," ती म्हणाली. "दोन दिवस दगडाखाली होती, नऊ वर्षांची, एक खरचटा न्हाई. लोक म्हणाले, महादेवानं राखली. मग शेडमधी राहिलो. तिथलं पाणी प्याली, अन् चार दिवसात हगवणीनं गेली. भूकंपानं न्हाई नेली अव्वा, पाण्यानं नेली. मग ताई आल्या दवाखान्याच्या, शेडवर पाटी लावली. मला वाचता येत नव्हतं, पर ती पाटी रोज बघून बघून अक्षरं लागली. पाण्यात जंतू असतात. औषध टाका. ढवळा. अर्धा तास थांबा. तेवढंच शिकले मी. एक महिना आधी लावली असती पाटी, तर."

सर खिडकीकडं तोंड करून उभे राहिले.

६

आता माझी पाळी होती. दुसऱ्यांच्या चिठ्ठ्या बाहेर काढणाऱ्यानं आपलाही खिसा उलटा करावा.

"चूक माझी आहे," मी म्हटलं. "एकतीस वर्षं उत्तरपत्रिकेत कुणी जीवाणूऐवजी जंतू लिहिलं की मी अर्धा मार्क कापला. आणि साक्षीनं पाटीवर जीवाणूच लिहिलं होतं, ते खोडून जंतू लिहायला मीच लावलं. पोरी घाबरून लांब राहतील म्हणून. पाटी कोण वाचेल याचा विचार मी केला नाही."

तारामती उठली आणि वैष्णवीच्या वडिलांसमोर हात जोडून उभी राहिली. आवाज प्रथमच खाली आला होता. "भाऊ, माझं चुकलं. हिची टेस्ट परत घ्यायला सरांना सांगते."

त्या गृहस्थांनी लेकीच्या डोक्यावर हात ठेवला, आणि मग गौरम्माकडं पाहून म्हणाले, "ताई, जेवायला वाढता का? पहाटंपासून उपाशी हाव."

गौरम्मा पदरानं डोळे पुसत उठली. वैष्णवी, जिला त्या बाईमुळं घरी जावं लागणार होतं, तीच ताटं मांडायला लागली. साक्षी मात्र चुलीपाशी गेली आणि गौरम्माला मागून घट्ट धरून रडली. गौरम्मा म्हणत होती, "अगं भाकर करपती, सोड." पण हात सोडवत नव्हती.

चारच्या बसनं वैष्णवीचे वडील एकटेच परत गेले. पिशवी रिकामीच.

प्रदर्शन हुकलं ते हुकलंच. सहाही बरण्या रिकाम्या कराव्या लागल्या. पुन्हा गावी जायला साक्षीला वेळ नव्हता, परीक्षा तोंडावर. तेव्हा गौरम्मानंच विचारलं, "मोरीमागचा गाळ चालंल का? भांड्यांचं खरकटं तिकडंच जातं." मी म्हटलं, चालेल काय, धावेल. एका दुपारी तिनं स्वतः फावड्यानं गाळ काढून दिला, नाकाला पदर लावून.

"हे जंतू चांगले?" बरणी भरताना तिनं विचारलं.

"चांगले."

"लेकरांना काही करत न्हाईत?"

"नाही. बरणीत राहतात, खातात आणि दिवा लावतात. हात तेवढे धुवायचे."

"खातात?" ती थांबली. "मग यांना खायला कोण घालतं?"

दुसऱ्या दिवसापासून भाताची पेज निथळली की त्यातली वाटीभर ती गार करून बरण्यांसाठी काढून ठेवायला लागली. नळाचं पाणी मात्र तिथं तिनं पोचू दिलं नाही. साक्षीच्या घरून विहिरीचं पाणी कॅनमध्ये यायचं.

सोळाव्या दिवशी सकाळी सहाच्या आधी सर्वेश सरांचा मला फोन आला. "मॅडम, लागलाय," एवढंच म्हणाले आणि ठेवला. मी गुडघ्यांना शिव्या देत गेले. दिवा लागला होता, तांदळाएवढा, लाल. बरणीला नवा धागा होता, आणि या वेळी वैष्णवीनं तो सगळ्यांसमोर बांधला होता.

जुनी पाटी कुणीतरी काढून टाकली होती. तिच्या जागी कोळशानं लिहिलेली नवी होती, अक्षरं कॅलेंडरवरच्या "नळ"सारखीच वाकडी. साक्षी म्हणाली, मावशीनं कुणाला न विचारता लिहिली. मी चष्मा लावून वाचली.

"यात आपले जंतू हायेत. जेवले हायेत. औषद टाकू न्हाई."

तीन ओळींत चार चुका. मी एकही मार्क कापला नाही.